कॉव्हेंट्रीला पाठवणी

कॉव्हेंट्री हे शहर एल्डरबीहून फार लांब नाही. सकाळच्या बसने गेलं तर संध्याकाळच्या चहाला माणूस घरी परततो. पण एल्डरबीत जेव्हा म्हणतात की अमक्याला कॉव्हेंट्रीला पाठवला, तेव्हा तो अमका जागचा हलत नाही. तो नेहमीच्या वेळी कामावर येतो, नेहमीच्या खुंटीला कोट अडकवतो, नेहमीच्या जागी उभा राहून काम करतो. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलत नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. आपण वाळीत टाकतो तेव्हा पाणी तोडतो, विस्तव तोडतो, पोरीबाळींच्या सोयरिकी तोडतो. इंग्रज यातलं काहीच तोडत नाही. वाळीत टाकलेल्या माणसासाठीही तो दार धरून उभा राहतो, त्याच्या चहात आठवणीने साखर घालतो. तो फक्त बोलणं बंद करतो. ज्या देशात बसची वाट बघणारी दोन अनोळखी माणसंसुद्धा हवेबद्दल चार वाक्यं बोलल्याशिवाय राहत नाहीत, तिथे तेवढं पुरतं.

विल्फ टेबटला कॉव्हेंट्रीला पाठवलं ते चहापायी.

एल्डरबी हे नेन नदीकाठचं जोड्यांचं गाव. दुसरी मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती, आणि गावातलं निम्मं माणूस बुटांच्या कारखान्यात, उरलेलं निम्मं त्या माणसांना मटण, कोबी आणि बिअर विकण्यात गुंतलेलं होतं. विल्फ चामडं कापायच्या खात्यात होता. बुटाचा वरचा भाग ज्या चामड्याचा होतो ते हातसुरीने कापणारी ही माणसं. कारखान्यात यांचा तोरा सगळ्यांत मोठा, कारण यांची सुरी एकदा भलतीकडे वळली की पुढच्या कुठल्याच खात्याला ती चूक झाकता येत नाही. विल्फची बायको आयव्ही तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेली. मूलबाळ नव्हतं. घरी रेडिओ होता, पण रेडिओ आपलं ऐकून घेत नाही. तेव्हा विल्फचं जे काही बोलणं-चालणं होतं, हसणं-खिदळणं होतं, ते सगळं त्या खात्यात, सुरी हातात असताना. घरी तो फक्त झोपायला जाई असं म्हटलं तरी चालेल.

खात्यात त्याची दोन माणसं. एक लेन पॅन्टर. लेनला सरळ वाक्य म्हणून येत नसे. कुणी मेलं तर म्हणे, त्याने बादलीला लाथ मारली. पाऊस कोसळायला लागला तर म्हणे, मांजरं-कुत्री पडतायत. बायको सकाळपासून धुसफुसत असेल तर म्हणे, आज पलंगाच्या भलत्या बाजूने उतरली. तसं बघितलं तर त्या देशात सगळेच कमी-अधिक असं बोलतात. मनातलं थेट बोलून दाखवणं म्हणजे त्यांना चारचौघांत सदरा काढल्यासारखं वाटतं. मेला म्हणायचं नाही, रागावली म्हणायचं नाही, तुझ्यावाचून करमत नाही हे तर मेलं तरी म्हणायचं नाही. मग बादल्या आणि पलंग मदतीला येतात. लेन यात जरा अट्टल होता एवढंच.

दुसरा हॅरल्ड डंकली. विल्फ आणि हॅरल्ड एका शाळेतले, एका वर्षी सुरी धरलेले. गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांतसुद्धा दोघांचे तुकडे शेजारी-शेजारी. हॅरल्ड आता खात्यातला युनियनचा प्रतिनिधी होता. बुटका, नीटनेटका, नियमावर बोट ठेवून चालणारा माणूस. त्याच्या खिशात युनियनच्या नियमांचं पुस्तक असे आणि लेनच्या मते झोपताना ते उशीखाली असे. आणि बोलणं! बोलण्यावर तर तो जगायचा. कामगारांच्या क्लबात संध्याकाळी हॅरल्ड बोलायला लागला की लोक बिअरचे पेले घेऊन दुसऱ्या टेबलावर जात, आणि तो तिथे जाऊन बोले.

तर चहा. सकाळच्या सुट्टीला मिसेस प्लोराइट नावाची बाई चहाची गाडी ढकलत खात्यात येई आणि प्रत्येकाच्या हातात पेला देई. त्या जानेवारीत वरच्या साहेबांच्या मनात आलं की गाडी बंद करावी. ज्याला चहा प्यायचाय त्याने दोन जिने उतरून खाली जावं. म्हणजे अर्धी सुट्टी जिन्यात. हॅरल्ड खात्याच्या साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, "डंकली, उगाच वाढवू नका. हे पेल्यातलं वादळ आहे."

"पेलाच यायचा बंद झालाय साहेब," हॅरल्ड म्हणाला, "म्हणून तर वादळ आहे."

आणि त्याने खात्याकडे तोंड करून हात वर केला. सुऱ्या खाली ठेवल्या गेल्या, कोट खुंट्यांवरून निघाले, आणि सगळं खातं जिना उतरून रस्त्यावर गेलं.

एकटा विल्फ राहिला. तो काही साहेबाच्या बाजूचा नव्हता. चहा त्यालाही जागेवरच हवा होता. पण त्याच्यापुढे अर्धं कापलेलं कातडं होतं. चामडं कापणारा आधी कातडं पसरतो आणि बोटांनी चाचपतो. कुठे काटेरी तारेचा ओरखडा आहे, कुठे गोचिडीने खाल्लंय, पोटाकडे कुठे सैल पडलंय, हे सगळं एकदा डोक्यात घेतलं की मग साचे मांडायचे आणि कापून मोकळं व्हायचं. मध्येच उठलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. विल्फ म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, एवढं संपवतो आणि आलोच." रस्त्यावर लोक थंडीत पाय आपटत उभे होते. वरच्या साहेबांना परदेशी पाठवायच्या मालाची घाई होती, त्यामुळे त्यांचा ताठा फार टिकला नाही. विल्फ कोटाची बटणं लावत जिना उतरायला लागला, तेव्हा सगळे जण जिंकून वर चढत होते.

"वा!" लेन जिन्यातच म्हणाला. "लग्न लागलं, मंडळी जेवली, आणि हा आत्ता फुलं घेऊन आला."

काही जण हसले. सगळे हसले नाहीत. थोड्या वेळाने मिसेस प्लोराइटची गाडी आली आणि विल्फनेही इतरांसारखा आपला पेला घेतला. तो पेला लोकांच्या डोळ्यांत खुपला. बाहेर थंडीत कुडकुडले ते आपण आणि आयता चहा प्यायला हा.

क्लबाच्या माडीवर युनियनची सभा झाली. हॅरल्डने नियम वाचून दाखवला. बाहेर पडायचं ठरल्यावर जो आत राहील त्याने सभेपुढे चूक कबूल करावी. तोवर कोणाही सभासदाने त्याच्याशी बोलू नये. जो बोलेल त्यालाही तोच नियम. वाचताना त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "विल्फ, सॉरी म्हण आणि विषय मिटव. मला अजून क्लबाच्या छपराबद्दल बोलायचंय."

विल्फ उभा राहिला. हा माणूस एरवी गल्लीतल्या दिव्याच्या खांबाला धडकला तरी सॉरी म्हणून पुढे जाई. पण इथे तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

"अर्धं कातडं टाकून उठायला मला माझ्या बापाने शिकवलं नाही," तो म्हणाला. "चूक केली असती तर म्हटलं असतं सॉरी. केली नाही तर कसं म्हणू?"

"अरे, नुसता शब्द आहे रे बाबा," लेन मागून म्हणाला. "म्हणून टाक आणि खाली चल, बिअर गरम होतेय."

"नुसता शब्द आहे ना? मग तूच म्हण."

हात वर झाले. हॅरल्डचा हात सगळ्यांच्या शेवटी वर झाला, पण झाला.

पहिले काही दिवस विल्फला त्यात मजा वाटली. घुम्यासारखं काम करणारी ती पंचवीस-तीस माणसं बघून तो मनाशी हसे. यांना जमायचं नाही, आठवड्याभरात कुणीतरी तोंड उघडेल, बहुतेक लेनच. पण लेनने तोंड उघडलं नाही. त्याच्या वाक्यांना आता दुसरीकडे वाट मिळाली होती. तो विल्फच्या डोक्यावरून पलीकडच्याला सांगे आणि विल्फ मधल्यामध्ये फुकट ऐके. फुटबॉलचं काय झालं ते त्याला असंच कळे, आणि त्यावर आपलं मत द्यायला तोंड उघडलं की समोरचा माणूस चामडं बघण्यात गढून जाई. दार मात्र कुणीतरी धरून ठेवी. मिसेस प्लोराइट चहाचा पेला ठेवी, साखर घालून, ढवळून. आधी ती म्हणायची, "हे घे रे राजा, तोंड भाजेल, जपून." आता ती पेला ठेवी आणि पुढे जाई. तिचं पुढे जाणं विल्फला सगळ्यांत लागलं.

मग बर्फ पडला. दुपारभर कापसासारखे मोठमोठे पुंजके पडत राहिले, खिडक्या पांढऱ्या झाल्या, आणि विल्फशी कुणी बर्फाबद्दल अवाक्षर बोललं नाही. तेव्हा त्याला कळलं की हे प्रकरण खरंच गंभीर आहे.

गाव सगळं जोड्यांचंच. टपाल कचेरीतल्या बाईचा नवरा तळवे ठोकायच्या खात्यात होता, तेव्हा तिने तिकीट दिलं, मान हलवली आणि पुढच्या माणसाला "काय थंडी पडलीय, नाही?" म्हणाली. विल्फ पत्र कुणाला लिहिणार होता? त्याला नुसतं कुणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं. रविवारी तो वाफ्यावर गेला तर शेजारच्या तुकड्यात हॅरल्ड पाठ करून जमीन खणत होता. दोघांच्या मध्ये कंबरेइतकं कुंपण. विल्फ मोठ्याने कुंपणाला म्हणाला, "यंदा जमीन फार घट्ट झाली." हॅरल्डची पाठ क्षणभर थांबली. मग पुन्हा वाकली.

घरी आल्यावर विल्फच्या लक्षात आलं की शुक्रवारी संध्याकाळपासून हे आपलं पहिलंच वाक्य. त्याचा आवाजही त्याला परका वाटला, गंज चढल्यासारखा. रात्री झोपण्यापूर्वी तो बिस्किटाच्या डब्यावरची अक्षरं मोठ्याने वाचू लागला. मग स्वतःचीच लाज वाटून थांबला. आयव्हीच्या खुर्चीकडे बघून त्याला पहिल्यांदाच तिचा राग आला, की ऐन वेळी ही नाही. एका शब्दाने हे सगळं संपलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. टेबटांच्या घराण्यात कोणीच न केलेल्या चुकीबद्दल सॉरी म्हटलं नव्हतं, आणि केलेल्या चुकीबद्दलही फारसं कुणी म्हटलं नव्हतं. हे असंच चाललं तर आपण एक दिवस बोलायचंच विसरू, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, ही भीती त्याला खरोखर वाटायला लागली. ती सांगायची तरी कुणाला?

फेब्रुवारी निम्मा झाला असेल. चहाची गाडी खात्यात फिरून दाराकडे परतली होती, पेले हातात होते, सुऱ्या थांबल्या होत्या, म्हणजे खात्यात शांतता होती. विल्फ चामडं कापायच्या आपल्या लाकडी ठोकळ्याला टेकून उभा होता. तेवढ्यात हॅरल्ड मधल्या वाटेने आला आणि जाता जाता त्याचा बूट विल्फच्या पायावर पडला. चांगलाच पडला.

"सॉरी," हॅरल्ड म्हणाला.

असं स्वच्छ, खणखणीत. हा शब्द त्या देशात माणसाच्या तोंडून शिंकेसारखा निघतो. कुणाच्या पायावर पाय पडला आणि तो निघाला नाही असं आजवर झालं नसावं. विल्फच्याही तोंडून तसंच निघालं, "हरकत नाही," आणि मग दोघेही थिजले.

सगळं खातं थिजलं. पेले ओठांशी होते तिथे राहिले. मिसेस प्लोराइट दारात गाडीसकट थांबली.

पहिला सावरला तो लेन. तो छताकडे बघत म्हणाला, "मी काही ऐकलं नाही. कुणी काही ऐकलंत का?"

"नाही बुवा," एक जण म्हणाला.

"वाऱ्याने दार वाजलं असेल," दुसरा म्हणाला.

"माझे कान तर लढाईपासूनच गेलेत," तिसरा म्हणाला, आणि हा माणूस लढाईत स्वयंपाकी होता.

अशा बाबतीत ही माणसं एकमेकांना फार सांभाळून घेतात. न ऐकण्याचा जो गुण त्यांच्यात आहे त्यावर अर्धा देश चालतो. हॅरल्डने तेवढं करून गप्प बसायचं होतं, आणि त्या घटकेला सगळं पहिल्यासारखं झालं असतं. पण हॅरल्डने पेला ठेवला, कोटाच्या खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि ते न उघडताच म्हणाला, "मी बोललो. कॉव्हेंट्रीला पाठवलेल्या सभासदाशी बोललो. जो बोलेल त्यालाही तोच नियम. मीच वाचून दाखवला होता."

"अरे हॅरल्ड, पायावर पाय पडला म्हणून," लेन कळवळून म्हणाला. "राईचा पर्वत करू नकोस."

"नियमात पायाबद्दल काही लिहिलेलं नाही," हॅरल्ड म्हणाला. "आजपासून माझ्याशी कुणी बोलायचं नाही." आणि तो दाराजवळच्या आपल्या ठोकळ्याकडे परत गेला.

विल्फला वाटलं, झालं, आता निदान आम्ही दोघं तरी बोलू. एका नावेत दोघे बसलेत. त्याच संध्याकाळी फाटकाशी त्याने हॅरल्डला गाठलं. "काय रे, पाय बराय का तुझा? दुखवला तू माझा, पण विचारतोय तुझा." हॅरल्डने त्याच्याकडे बघितलं, टोपी खाली ओढली आणि चालायला लागला. विल्फच्या ध्यानात आलं, हा अजून सभासद आहे. विल्फशी बोलायचं नाही हा नियम याला अजून लागू आहे. चुकून एकदा मोडला, मुद्दाम दुसऱ्यांदा मोडणार नाही. त्या घटकेला त्याला हॅरल्डला नेन नदीत ढकलावंसं वाटलं.

मग हॅरल्डचं सुरू झालं. विल्फचं एकटेपण विल्फने बघितलं नव्हतं, ते तो आतून सोसत होता. हॅरल्डचं मात्र त्याला समोर दिसत होतं. ज्याचं बोलणं थांबवायला घड्याळ दाखवावं लागे तो माणूस क्लबात कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसून पेला फिरवत राही. तक्रारी घेऊन येणारी माणसं आता त्याच्या ठोकळ्यापाशी येईनात. पुढच्या सभेत नवा प्रतिनिधी निवडायचं चाललंय असं लेन कुणालातरी सांगत होता. वाळीत टाकलेला प्रतिनिधी साहेबाशी बोलेल, पण कामगारांशी कसा बोलेल? हॅरल्डचा चेहरा महिन्याभरात ओघळला. एकदा दुपारी तो स्वतःशीच पुटपुटताना विल्फला दिसला. विल्फने मान फिरवली, कारण हे कशाचं लक्षण आहे ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि कातडं कापता कापता एक दिवस विल्फचा हात थांबला. हॅरल्डचा ठोकळा दाराजवळ. चहाची गाडी दाराजवळ. विल्फचा ठोकळा त्या टोकाला, भिंतीशी. तिथून पुढे वाट कुठेच जात नाही. मग पेला हातात घेऊन हॅरल्ड इकडे आला होता कशाला?

त्याने मान वर करून दाराकडे बघितलं. हॅरल्ड खाली वाकून कापत होता. उभ्या आयुष्यात हॅरल्डचा पाय कधी भलत्या जागी पडल्याचं विल्फला आठवेना. वाफ्यात रोपांच्या मधून चालताना जो एक पान चुरडू देत नाही, त्याचा बूट एवढ्या रुंद वाटेत नेमका माझ्या पायावर?

 विल्फने सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ नाक शिंकरलं. शेजारच्याने त्याला दोनदा निरखून बघितलं, पण विचारता येत नव्हतं.

मार्चमध्ये सभा भरली. क्लबाच्या माडीवर धूर होता, छपराची गळती अजून तशीच होती आणि कोपऱ्यात बादली ठेवलेली होती. अध्यक्षाच्या खुर्चीत तळव्यांच्या खात्यातला एक जाडा माणूस. पहिला विषय, नवा प्रतिनिधी. हॅरल्ड मागच्या ओळीत टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

तो विषय निघायच्या आधीच विल्फ उभा राहिला.

"बसा, बसा," अध्यक्ष सवयीने म्हणाला आणि म्हटल्यावर त्याने जीभ चावली. "म्हणजे... सभेत बोललेलं चालतं ना?"

"चालतं," हॅरल्ड मागून म्हणाला. नियम त्याला पाठ होते.

विल्फने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.  त्याला अजूनही मनातून शंभर टक्के खात्री होती की आपण काही चुकलो नाही. ते कातडं उत्तम होतं आणि उत्तम कापलं गेलं होतं.

"त्या दिवशी अर्धं कातडं टाकून मी तुमच्याबरोबर बाहेर यायला हवं होतं," तो म्हणाला. "नाही आलो. माझं चुकलं. सॉरी."

 बादलीत थेंब पडल्याचा आवाज झाला. मग लेन म्हणाला, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण याचं एवढ्या उशिरा?"

"पॅन्टर, गप्प बस," अध्यक्ष म्हणाला. "सॉरी म्हटलंय. लिहून घ्या. टेबटवरची बंदी उठली. आणि डंकलीचं काय?"

पुन्हा सगळ्यांनी हॅरल्डकडे बघितलं. हॅरल्डने खिशाकडे हात नेला, पण पुस्तक काढलं नाही. "ज्याच्याशी बोलल्याचा गुन्हा, तोच मोकळा झाला तर गुन्हा उरत नाही," तो सावकाश म्हणाला. "असं मला वाटतं."

"म्हणजे प्रतिनिधीही बदलायला नको," लेन म्हणाला. "बरं झालं. मला उभं करणार होते. झालं ते पुलाखालून वाहून गेलं."

आपण गंगेला मिळालं म्हणतो, ती माणसं पुलाखालून गेलं म्हणतात. नदी कुठलीही असली तरी माणसांना ती अशा वेळी लागतेच.

त्यानंतर जे झालं ते विल्फला सोसेना. सगळी माडी त्याच्यावर तुटून पडली. एक म्हणे, काय बर्फ पडला नाही यंदा? दुसरा म्हणे, वारा फार बोचरा आहे. तिसरा म्हणे, पण आता दिवस मोठे व्हायला लागले. साठवून ठेवलेली दोन महिन्यांची हवा ते एका दमात त्याच्याशी बोलत होते. त्यातला एकही जण म्हणाला नाही की तुझ्याशी बोलता येत नव्हतं ते आम्हालाही जड गेलं. विल्फ "हो ना", "खरंच", "बाप रे" म्हणत राहिला आणि त्याची नजर हॅरल्डला शोधत राहिली. हॅरल्ड टोपी घालून जिना उतरत होता.

विल्फने त्याला रस्त्यावर गाठलं. दोघे काही वेळ बरोबर चालले. बेकरीपुढून गेले, चॅपलपुढून गेले.

"गाढवा," हॅरल्ड म्हणाला. महिन्याभराने विल्फशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"एवढे दिवस ताठ उभा राहिलास. अख्खं गाव एकीकडे आणि तू एकीकडे. मी घरी डोरिसला म्हणायचो, हा बघ, हा माणूस आहे. आणि शेवटी गेलास की नाही वाकून?" त्याचा आवाज चढला होता. "तुझं ते सॉरी खोटं होतं. तुला तसं मुळीच वाटत नाही."

"नाही वाटत," विल्फ म्हणाला. "आणि तुझं?"

हॅरल्ड थांबला. त्याने टोपी सारखी केली, जी सारखीच होती.

"माझं काय? मी खिडकी उघडायला आलो होतो तिकडे."

"बर्फात?"

"बर्फात. हवा कोंदली होती. तुझं काही म्हणणं आहे?"

विल्फचे डोळे भरून आले होते. वारा समोरून होता, तेव्हा कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही."

"मग चल," हॅरल्ड म्हणाला, आणि क्लबाचं छप्पर नियमाप्रमाणे कुणी दुरुस्त करायला हवं हे त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. विल्फचं घर आलं तरी ते संपलं नव्हतं, म्हणून विल्फ पुढे चालत राहिला.